जागृत देवस्थान

कोकणातल्या एखाद्या देवाबद्दल सांगताना माणसं आवाज खाली आणून म्हणतात, "फार कडक आहे हो." ही तक्रार नसते, अभिमान असतो. मवाळ देवाला विचारतो कोण? कोपतो तो जागृत. हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, खिडकीच्या कडेला आमच्या कंपनीचंही असंच एक जागृत देवस्थान आहे. दोन मॉनिटर, खडखड वाजणारा कीबोर्ड, भलेथोरले काळे हेडफोन आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेला चाळिशीचा गृहस्थ. पगाराच्या यादीत त्याचं नाव वेगळं आहे. आम्ही आपसांत त्याला देव म्हणतो.

हेडफोन दोन्ही कानांवर असले की गाभारा बंद. एक कान मोकळा असला तर दर्शन होतं, पण लांबून. हेडफोन गळ्यात आले की गाऱ्हाणं घालायला हरकत नाही. मात्र थोडक्यात, आणि 'ॲक्च्युअली' हा शब्द न वापरता. नव्या पोरांना गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळण्याआधी हे सोवळं-ओवळं समजावून दिलं जातं. समजावतो मॅनेजर, म्हणजे आमचा पुजारी. "तू थेट जाऊ नकोस," तो म्हणतो, "आधी मी बघतो मूड कसाय ते." आयटीत मॅनेजरला नक्की कशाचा पगार मिळतो, हा प्रश्न सनातन आहे. आमच्याकडे निदान त्याचं उत्तर तरी आहे.

मी या कंपनीत मॅन्युअलं लिहिते. प्रोग्रामर मंडळींनी जे करून ठेवलंय ते काय करून ठेवलंय हे त्यांनाच विचारायचं आणि वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत मांडायचं, हे माझं काम. थोडक्यात, प्रश्न विचारणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा, आणि प्रश्न विचारणारा माणूस हा देवाला सर्वांत नावडता प्राणी. "वाचलंस का आधी?" हा त्याचा सौम्य प्रसाद. त्यावर "गूगल बंद आहे का आज?" आणि सणासुदीला "डोकं घरी चार्जिंगला लावून आलास का?" तिसरं वाक्य मला अजून मिळालेलं नाही, वयाचा मान म्हणून असेल.

आमच्याकडे कोणाचाही कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याला रिव्ह्यू म्हणतात. साधी माणसं रिव्ह्यूमध्ये "या व्हेरिएबलचं नाव बदललं तर बरं, बाकी छान" असं काहीबाही लिहितात. देव एकच शब्द लिहितो: "का?" एका पोराच्या चांगल्या चारशे ओळींच्या कामावर मध्येच कुठेतरी असा एक "का?" पडला. चार जण मीटिंग रूम बुक करून बसले. ही ओळ का, की ही फाइल का, की ही पद्धतच का? अर्ध्या तासाने त्यांतल्या अनुभवी माणसाने निकाल दिला की प्रश्न एकंदर अस्तित्वाचा असावा. पोराने शनिवार-रविवार घालवून सगळं पुन्हा लिहिलं. सोमवारी शेरा आला: "आधीचं बरं होतं."

यावर कोणी वैतागून काही बोललं की देवाचे भक्त पुढे सरसावतात. "मनाने चांगला आहे गं." "एकदा ओळख झाली ना की कळतं." "त्याच्या पोटात काही नसतं." हे शेवटचं मात्र अगदी खरं आहे. पोटात काही नसतंच. जे असतं ते सगळं आमच्या अंगावर आलेलं असतं. मग कोणीतरी ठेवणीतली म्हण काढतो, दुभत्या गाईच्या लाथा गोड. या म्हणीत मला पहिल्यापासून हिशोबाचा एक घोळ दिसतो. दूध पिणारा आणि लाथ खाणारा माणूस एकच, असं तिने धरून ठेवलंय. आमच्या कंपनीत ही खाती वेगळी आहेत. दूध वरच्या मजल्यावर जातं.

पुण्यात तर हा आजार आहे हे कळायलाच वेळ लागतो. दुसऱ्या गावी ज्याला उद्धटपणा म्हणतील त्याला इथे स्पष्टवक्तेपणा म्हणतात आणि शहराचा ठेवा म्हणून जपतात. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात 'सहकाऱ्यांशी वागणूक' असा रकाना आहे. देवापुढे तिथे दर वर्षी "संवाद थेट" असं लिहिलेलं असतं.

आता हा शीघ्रकोपी म्हणावा तर त्याचा कोप फार शिस्तीचा आहे. येण्याआधी हुद्दा विचारतो. लातूरहून आलेली एक मुलगी नुकतीच टीममध्ये रुजू झाली होती. हेडफोन गळ्यात आहेत याची खात्री करून ती गेली आणि तिने विचारलं, "सर, व्यवहाराची वेळ आपण भारतीय वेळेप्रमाणे साठवतो की यूटीसीत?" ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि हा प्रश्न उत्तम होता. दोन देशांत चालणाऱ्या प्रणालीत निम्मे घोटाळे वेळेच्या या एका भानगडीतून होतात. देव म्हणाला, "एवढंही कळत नसेल तर इथे काय करतेयस?" त्या ओळीतले सगळे कीबोर्ड एकदम थांबले. ती "सॉरी सर" म्हणून जागेवर आली.

त्याच दिवशी दुपारी म्युनिकच्या क्लायंटबरोबर कॉल होता. क्लायंटकडच्या एका जर्मन पोराने विचारलं की व्यवहाराची वेळ तुम्ही स्थानिक साठवता की यूटीसी? "दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन!" देव म्हणाला. आणि मग पडद्यावर आकृत्या काढून, उन्हाळ्यात युरोपातली घड्याळं तासभर पुढे कशी जातात, त्यामुळे वर्षातून एकदा एक तास गायब कसा होतो आणि एकदा तोच तास दोनदा कसा येतो, हे त्याने इतकं सुरेख समजावलं की कोणत्याही प्राध्यापकाने उभं राहून टाळी वाजवावी. लातूरची मुलगी माइक बंद ठेवून टिपणं घेत होती. मुलगी हुशार. आता तिला काही अडलं की ती त्या जर्मन पोराला मेसेज करते, तो कॉलमध्ये विचारतो, देव प्रसन्न होतो. दोन टेबलांमधलं अंतर वीस फूट आहे. प्रश्न म्युनिकला जाऊन येतो.

चांदणी चौकात हवालदाराने देवाची गाडी बाजूला घ्यायला लावली तेव्हा मी मागच्या सीटवर होते. "साहेब, चुकलं साहेब," हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले आहेत. आईचा फोन आला की तो उठून जिन्यात जातो आणि "हो आई, नाही आई, आणतो आई" एवढंच ऐकू येतं. हवालदाराला यूटीसी कळत नाही आणि आईलाही कळत नाही, तरी दोघांचं ज्ञान कोणी काढत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात. हा स्वभाव नसून वापर आहे, अशी माझी जुनी शंका आहे.

देवाच्या लॅपटॉपवर पेंग्विनचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं, स्टिकर आहे, आणि त्याचं सगळं तत्त्वज्ञान त्या स्टिकरमागे आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली विद्यार्थी असताना लिनक्स लिहायला घेतलं. आज कोणताही अँड्रॉइड फोन उघडा, खाली तेच आहे. २००५ मध्ये त्याने कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट लिहिलं, ज्यावाचून आमच्या ऑफिसात पान हलत नाही. आणि हाच माणूस सहकाऱ्यांना मेलवर जे सुनवायचा ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापता येणार नाही. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठात, कॅमेरा चालू असताना, त्याने एनव्हिडिया कंपनीला उद्देशून मधलं बोट दाखवलं. "त्याला कोणी म्हणालं का, जरा गोड बोल?" देव कॅन्टीनमध्ये पोहे खाताना विचारतो. म्हणाले की. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतःच जाहीर माफी मागितली, आपल्याला लोकांच्या भावना कळण्यासाठी मदत हवी आहे असं लिहून काही आठवडे रजा घेतली, आणि तेवढ्या काळात लिनक्सची पुढची आवृत्ती दुसऱ्याच्या हातून व्यवस्थित बाहेर पडली. देवाला हे माहीत नसेल असं अजिबात नाही. पोथीतला तेवढा अध्याय तो वाचत नाही, इतकंच.

मला विचाराल तर या संप्रदायाचा खरा मूळपुरुष विल्यम शॉक्ली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांच्या गटाचा प्रमुख शॉक्ली. शोध आपल्या हातून लागला नाही हे त्याच्या इतकं जिव्हारी लागलं की पुढच्या काही आठवड्यांत त्याने एकट्याने बसून त्याहून चांगल्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. जळफळाट करावा तर असा. पण प्रसिद्धीसाठी काढलेल्या फोटोत उपकरणासमोर खुर्चीत बसलेला दिसतो शॉक्ली, आणि ज्यांनी ते जुळवलं ते दोघे बाजूला उभे.

पुढे १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून एकाहून एक तल्लख पोरं वेचून आणली. माणसं पारखण्यात तो उस्ताद होता, टिकवण्यात मात्र सगळा आनंद. एकदा ऑफिसातल्या एका बाईच्या हाताला काहीतरी टोचलं. हा आपल्याविरुद्धचा कट आहे अशी शॉक्लीची खात्री पटली आणि खोटं पकडायच्या यंत्रावर लोकांची तपासणी करायला तो निघाला. शेवटी निष्पन्न झालं ते डोकं तुटलेली एक टाचणी! नोबेल त्याला, बार्डीन आणि ब्रॅटनच्या जोडीने, त्याच वर्षी मिळालं. पुढच्या वर्षी त्याची आठ माणसं एकदम नोकरी सोडून गेली आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली; त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल. शॉक्लीच्या प्रयोगशाळेला नफा कधी दिसला नाही. आमच्या देवाच्या एका भक्ताला मी ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "बघ, तो तिरसट होता म्हणून सिलिकॉन व्हॅली झाली." भक्तीपुढे इलाज नाही.

आणि त्या फोटोत उभा असलेला बार्डीन? शॉक्लीच्या हाताखाली काम करणं नको झालं म्हणून त्याने १९५१ मध्ये बेल लॅब्ज सोडली आणि इलिनॉय विद्यापीठात गेला. तिथे अतिवाहकतेचं कोडं आणखी दोघांच्या साथीने सोडवलं आणि १९७२ मध्ये दुसऱ्यांदा नोबेल घेतलं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला तो आजवरचा एकमेव माणूस. हळू आवाजात बोलायचा, गोल्फ खेळायचा, शेजाऱ्यांना अंगणात बोलावून जेवू घालायचा. अशा माणसाची आख्यायिका होत नाही. सांगणार काय? चार जण जमल्यावर "आणि मग त्याने शांतपणे ऐकून घेतलं" असं म्हटलं तर कोणी पुढे सरकून बसतं का? डोनाल्ड क्नूथ हा आमच्या धंद्यातला भीष्माचार्य. आपल्या पुस्तकात चूक दाखवून देणाऱ्याला तो २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचा आणि लोक तो न वटवता फ्रेम करून लावायचे. आमच्या देवाच्या कोडमध्ये चूक दाखवली तर जे मिळतं ते बँकेतही भरता येत नाही आणि भिंतीवरही लावता येत नाही.

आमच्याकडे डेटाबेस सांभाळणारी एक बाई आहे. देवाच्या तोडीची, काही बाबतींत काकणभर सरस. पण तिला काही विचारलं की ती खुर्ची ओढून देते. त्यामुळे तिच्याबद्दल मत असं की "मेहनती आहे." एका मीटिंगमध्ये ती फक्त "नाही, हे चालणार नाही" एवढं म्हणाली, तर दुसऱ्या आठवड्यात तिला दोन दिवसांच्या संवादकौशल्याच्या शिबिराला पाठवलं. शिबिरात नेटफ्लिक्सच्या २००९ सालच्या त्या प्रसिद्ध स्लाइड दाखवल्या, ज्यांत म्हटलंय की हुशार पण उर्मट माणूस ठेवणं सांघिक कामाला परवडत नाही. तिने येऊन मला सांगितलं की स्लाइड चालू होईनात, तेव्हा प्रोजेक्टर जोडायला देवालाच बोलावलं होतं. त्याने प्रोजेक्टर जोडला, प्रशिक्षकाला "पोर्ट कुठला ते तरी बघायचं," असं सुनावलं आणि निघून गेला.

देवापेक्षा मला जास्त भीती वाटते ती उपदेवांची. विद्येला वर्षं लागतात. तऱ्हा पंधरा दिवसांत येतात. टीममध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आहे. त्याने आधी हेडफोन घेतले, मग काळे टी-शर्ट, मग दाढी. मग तोही रिव्ह्यूमध्ये "का?" लिहायला लागला. फरक एवढाच की देवाला उत्तर माहीत असतं.

पण देवाच्या हुशारीबद्दल कोणी शंका घेऊ नये, म्हणून ३१ मार्चची रात्र सांगायलाच हवी. आमच्याकडे एका विमा कंपनीचं हप्ते भरायचं पोर्टल आहे. वर्षभर झोपलेला महाराष्ट्र त्या रात्री करसवलतीसाठी जागा होतो. नऊच्या सुमारास पोर्टल अडकलं. लोकांना नुसतं चाक फिरताना दिसत होतं. आमच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे आणखी सर्व्हर जोडले. परिस्थिती बिघडली. आणखी जोडले, आणखी बिघडली. कॉलवर वीस-बावीस माणसं, क्लायंटचे मोठे साहेब धरून, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला "अपडेट काय?" विचारतोय. शेवटी मॅनेजरने देवाला जोडून घेतलं.

देवाने एकच गोष्ट विचारली, "शेवटचा बदल काय गेला?" आठ-दहा जण एका सुरात म्हणाले, "काही विशेष नाही." मग तो लॉग वाचायला लागला. पडद्यावर ओळी धो-धो वाहत होत्या आणि त्यांत मध्येच तो थांबायचा, मागे जायचा, पुन्हा पुढे. कोणी बोलत नव्हतं. त्याच्या घरी कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "रीट्राय कोणी टाकलाय?"

झालं होतं असं: बँकेकडून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर तीच विनंती पुन्हा पाठवायची, पाच वेळा, मध्ये न थांबता, असा एक बदल आदल्या आठवड्यात गेला होता. एरवी निरुपद्रवी. पण ३१ मार्चला बँकेची यंत्रणा जरा मंदावली आणि आमच्याकडून एकेका हप्त्यापोटी सहा-सहा विनंत्या जायला लागल्या. त्या ओझ्याने ती आणखी मंदावली, म्हणून आणखी विनंत्या. आम्ही जोडलेला प्रत्येक नवा सर्व्हर या कोलाहलात आपला आवाज मिसळत होता. देवाने रीट्राय बंद केला, निम्मे सर्व्हर काढून टाकायला लावले. काढायला! मॅनेजरच्या तोंडाला कोरड पडली असणार. पण पाच-दहा मिनिटांत आलेख खाली यायला लागला आणि साडेदहाला लोक बिनघोर हप्ते भरत होते. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. बावीस माणसांना जे दिसत नव्हतं ते या एकाला ओळी वाचून दिसलं. कॉल बंद करताना तो "मूर्खांचा बाजार" असं काहीतरी पुटपुटला, आणि त्या क्षणी कोणालाही ते जास्त वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवाच्या आरतीचा मेल सगळ्या कंपनीला गेला. ज्या पोराने रीट्राय टाकला होता त्याला वेगळा मेल गेला. घटनेचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी त्या पोराजवळ जाऊन बसले. त्याने न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चॅटमध्ये देवाच्या नावापुढे एक न पाठवलेला मेसेज पडून होता: "सर, दोन रीट्रायच्या मध्ये अंतर ठेवायचं का?" नेमका तोच प्रश्न, घटनेच्या आठवडाभर आधीचा. "पाठवला का नाहीस?" तर आदल्याच दिवशी त्याला गूगल बंद आहे का, हे विचारून झालं होतं. मग त्याने रिव्ह्यूला देवाऐवजी उपदेवाचं नाव टाकलं. उपदेवाने "का?" लिहिलं. पोराने काहीतरी उत्तर दिलं. ते उपदेवाला कळलं नाही, पण कळलं नाही असं म्हणणं पदाला शोभलं नसतं, म्हणून बदल पास झाला.

आमचा अहवाल टोयोटाच्या पद्धतीने असतो. ओळीने पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे वरवरचं कारण सोडून मुळापर्यंत जाता येतं. मी लिहिलं. पोर्टल का अडकलं? बँकेकडे विनंत्यांचा पूर आला. पूर का आला? रीट्राय न थांबता होत होते. मध्ये अंतर का ठेवलं नाही? करणाऱ्याला खात्री नव्हती. खात्री करून का घेतली नाही? त्याने विचारलं नाही. विचारलं का नाही?

मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. "अगं, हे पाचवं टेक्निकल नाहीये," तो म्हणाला. "चारावर थांबू."

"पाचवा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म सबमिट होत नाही," मी म्हटलं. फॉर्म देवानेच बनवलेला आहे.

"मग एन.ए. टाक."

टाकलं. दहापेक्षा कमी अक्षरांचं उत्तर फॉर्म घेत नाही. लोक टाळाटाळ करतात म्हणून तेही देवानेच बसवलंय. मॅनेजरने क्षणभर विचार केला आणि स्वतः वाकून टाइप केलं, "या प्रकरणी लागू नाही."

फॉर्म लगेच गेला.